गावाकडच्या विमानतळावर विमान टिकवायचं असेल तर कमिटीनं काय काय करावं

राजेहो, विमान पाहिजे म्हणणारे आपल्याकडे लय आहेत, निवेदन देताना फोटोत घुसणारे त्याहून जास्त, पण गेल्या वर्षात आपल्या तालुक्यातून मुंबईला किती माणसं गेली असं विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मी दर्यापूर तालुक्यातला, बेलोऱ्याचं म्हणजे अमरावतीच्या विमानतळावरचं विमान सुरू व्हायच्या आधीपासून मित्रांसोबत या भानगडीत थोडंफार पडलेलो, त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका म्हणून लिहून राहिलो. अमरावतीवाल्यांना तर कामात येईलच, पण अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या ज्यांचं अजून "होणार होणार" चालू आहे त्यांनाही चालेल.

आधी एक आकडा डोक्यात घालून घ्या. छोट्या शहरांना विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले होते, सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं २०२३ मध्ये हिशोब मांडला तर त्यातले ४०३ सुरूच झाले नव्हते, सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली, आणि त्यानंतरही चालू राहिले ते ५४. म्हणजे शंभरातले सातच. फीत कापली, हार घातले, पेपरात पान भरून जाहिराती आल्या अन् वर्षभरात धावपट्टीवर बकऱ्या, असं बऱ्याच ठिकाणी झालेलं आहे. म्हणून आपलं खरं काम फीत कापल्यावर सुरू होते, आणि त्याची तयारी मात्र फीत कापायच्या दोन वर्षं आधी करावी लागते.

पहिलं काम: कोणाच्या हातात काय आहे ते समजून घ्या

आमची पहिली चूक हीच. आम्ही कलेक्टर साहेबांना निवेदन दिलं की विमानाची वेळ सकाळची करा. ते बिचारे काय करतील! विमान कोणत्या मार्गावर, किती वाजता, कोणत्या दिवशी हे विमान कंपनी ठरवते, तेही पैशाचा हिशोब करून. विमानतळ कोणाचा हे वेगळं, बेलोरा महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आहे ज्याला सगळे एमएडीसी म्हणतात, गोंदियाचं बिरसी केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाकडे म्हणजे एएआयकडे आहे. लायसन डीजीसीए म्हणजे केंद्राचं विमान वाहतूक नियामक खातं देते, सुरक्षेची मंजुरी बीसीएएस म्हणजे केंद्राचंच विमान सुरक्षेचं खातं देते, पोलिस अन् अग्निशमनची माणसं राज्य सरकारनं द्यायची असतात, उडानमध्ये ती फुकट द्यायची. खासदार संसदेत प्रश्न विचारू शकतात, पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीतून रस्त्याला वगैरे निधी देऊ शकतात. तर एका कागदावर हे लिहून भिंतीला चिकटवा आणि ज्याचं काम त्यालाच पत्र द्या. काम कुठं अडलं हे माहीतच नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, लायसनची स्थिती काय, सुरक्षा कर्मचारी किती मंजूर किती हजर, एवढे दोन प्रश्न पुरतात.

धावपट्टी किती हेही माहीत पाहिजे, नाहीतर लोकं एअरबससारखं मोठं जेटच मागतात. एटीआर-७२ म्हणजे पंख्याचं, सत्तरेक सीटचं विमान, त्याला कागदावर तेराशे-साडेतेराशे मीटर पुरते, पण आपल्या मे महिन्यात ४५ डिग्रीला हवा पातळ होते, मग विमानाला जास्त धाव लागते नाहीतर वजन कमी करावं लागते म्हणजे सीट रिकाम्या सोडाव्या लागतात. बेलोऱ्याची धावपट्टी वाढवून १८५० मीटर केली ती उगीच नाही. अकोल्याच्या शिवणी विमानतळाचं घोडं तिथंच अडून आहे, धावपट्टी छोटी. पण धावपट्टी असली म्हणजे झालं असंही नाही, यवतमाळचं विमानतळ २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामतीसोबत खासगी लीजवर गेलं, रोजच्या प्रवाशांचं विमान काही तिथं आलं नाही.

दुसरं: माणसं मोजा, आणि नीट मोजा

हे सगळ्यात मोठं काम आहे, इथं घाई करू नका.

आम्ही पहिला गुगल फॉर्म केला त्यात प्रश्न काय, तर "आपल्या भागात विमानसेवा असावी असे आपणास वाटते का? हो / नाही". सातशेच्या वर लोकांनी भरला आणि जवळपास सगळे हो. ज्यांनी जन्मात विमान पाहिलं नाही ते पण हो, माझ्या मोठ्या आईनं नातवाकडून भरून घेतला, हो! त्या आकड्याची किंमत शून्य. विमान कंपनीच्या माणसाला हे दाखवलं तर तो चहा पाजून परत पाठवते.

मग दुसरा फॉर्म केला, सहाच प्रश्न. गेल्या १२ महिन्यांत मुंबईला (किंवा पुणे, हैदराबाद, दिल्ली) किती वेळा गेले? कशानं गेले, रेल्वे, ट्रॅव्हल्स, गाडी की नागपूरहून विमान? एका खेपेला जायला-यायला एकूण किती खर्च आला, नागपूरपर्यंतची टॅक्सी धरून? कामासाठी, दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी की फिरायला? पैसे कोण देते, स्वतः की ऑफिस? आणि शेवटचा, विमान किती वाजता असेल तर खरंच जाल? बस. नाव अन् फोन ऐच्छिक ठेवा, नाहीतर लोकांना वाटते इन्कम टॅक्सवाले आले.

यातून जे निघते त्याला मी गळती म्हणतो. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, म्हणजे इथला माणूस पहाटे टॅक्सी करून नागपूरला जाते, तिथून उडते, आणि हिशोबात तो नागपूरचा प्रवासी म्हणून लागते. कंपनीला वाटते अमरावतीत गिऱ्हाईकच नाही. ही गळती कागदावर दाखवता आली म्हणजे अर्धं काम झालं. शहरातले चार-पाच ट्रॅव्हल एजंट पकडा, त्यांच्याकडे पिनकोडसकट सगळं असते, फक्त त्यांना सांगा की नावं नको, महिन्याला किती तिकिटं अन् कुठली एवढंच द्या. धंदा वाढणार असेल तर देतात, आम्हाला तिघांनी दिले, चौथ्यानं अजून फोन उचलला नाही.

आणि कोणाला विचारायचं? पानठेल्यावर विचारून उपयोग नाही. जिनिंगवाले, संत्र्याचे मोठे व्यापारी, सीए, डॉक्टर, बियाणं-औषधाच्या कंपन्यांचे एरिया मॅनेजर, नांदगाव पेठ एमआयडीसीतले कापड कारखाने, विद्यापीठ, इंजिनिअरिंग कॉलेज, पुण्या-मुंबईत पोरं नोकरीला असलेले मायबाप, सुट्टीवर येणारे जवान. आणखी एक, टाटा हॉस्पिटलला जाणारे पेशंट. प्रत्येक तालुक्यात असे लोकं आहेत, रात्रभर रेल्वेत बसून जातात, त्यांच्यातल्या थोड्यांना तरी विमान परवडते पण माहीतच नसते.

आता गणित पाहा, मला हे करेपर्यंत वाटायचं की हजारो लोकं लागतील. सत्तर सीटचं विमान, आठवड्यात तीन दिवस, येणं आणि जाणं मिळून आठवड्याला ४२० सीट, वर्षाला २१,८४०. सत्तर टक्के भरलं पाहिजे असं धरलं तर आठवड्याला २९४, म्हणजे जाऊन-येऊन प्रवास करणारी १४७ माणसं. अमरावती जिल्ह्यात तालुके १४. एका तालुक्यातून आठवड्याला साडेदहा माणसं! आता सगळे काही सारखे येणार नाहीत, धारणी-चिखलदऱ्यातून कमी येतील अन् अमरावती शहरातूनच निम्मे येतील, पण आकडा असा फोडून सांगितला की मीटिंगमध्ये माणूस सरळ होऊन बसते. "आमच्या तालुक्यातून दहा? ते तर होते ना भाऊ."

तिसरं: येणारे पण मोजा

आपण फक्त जाणाऱ्यांचा विचार करतो. पण विमान येताना रिकामं आलं तर अर्धा पैसा गेला. आपल्याकडे यायला कोण उत्सुक आहे? चिखलदरा अन् मेळघाटचे पर्यटक, शेगावला दर्शनाला येणारे, मोझरीला राष्ट्रसंतांच्या गुरुकुंजात येणारे, कारखान्यांचे इंजिनिअर, कॉलेजच्या तपासणीला येणारे पाहुणे, आणि मुंबई-पुण्यातली आपलीच पोरं दिवाळीला.

गोंदियाचं उदाहरण चांगलं आहे. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० मध्ये, महायुद्धाच्या काळात बांधलेली, पण प्रवासी विमान आलं मार्च २०२२ मध्ये, इंदूर-गोंदिया-हैदराबाद. काही महिन्यांत बंद पडलं. मग १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचं सुरू झालं ते हैदराबादमार्गे तिरुपती. आता मला विचाराल तर तिरुपती जोडणं ही हुशारी होती, कारण बालाजीला जाणारा माणूस एकटा जात नाही, घरचे पाच-सहा घेऊन जाते, आणि बाजूचा मध्य प्रदेशातला बालाघाटचा पट्टाही गोंदियालाच पडते. म्हणून तुमच्या भागातली माणसं खरंच कुठं जातात ते पाहा, मुंबईच पाहिजे हा हट्ट कशाला.

चौथं: शेतकरी विचारेल त्याचं खरं उत्तर द्या

गावात मीटिंग घेतली की एक म्हातारा उठणारच. आमच्याकडे उठला. "आमच्या वावरात जायले पांदण रस्ता नाही, पावसाळ्यात बैल फसते, अन् तुमाले इमान पाह्यजे?" सगळे हसले, आम्ही गप्प. त्याचं चुकलं काय?

इथं बरेच जण थाप मारतात की तुमचा संत्रा विमानानं दुबईला जाईल. हे कृपा करून सांगू नका. एटीआरच्या पोटात प्रवाशांच्या बॅगा ठेवून जी जागा उरते तिच्यात वरुड-मोर्शीच्या संत्र्याचं काय होते, तो ट्रकनंच जाणार. खोटं बोललं की वर्षभरात उघडं पडते आणि मग तेच गाव तुमच्या विरोधात. आम्ही पुढच्या मीटिंगपासून सरळ सांगायला लागलो की काका, तुम्हाला उद्या विमानाचा फायदा नाही, पांदण रस्त्याचा पैसा वेगळ्या खात्यातून येते, तुमच्या रस्त्याच्या अर्जावर आम्ही पण सही करतो. आणि केली. फायदा झाला तर तो असा की कारखान्याचा साहेब सहज येऊ शकला तर कारखाना टिकते, तिथं पोराला काम लागू शकते, पेशंटला बसून जाता येते. एवढंच, त्यापेक्षा जास्त सांगायचं नाही.

ज्या गावांची जमीन विमानतळात गेली त्यांच्याकडे सगळ्यात आधी जा, हार-तुऱ्याच्या आधी. त्यांचा मोबदल्याचा, रस्ता वळवल्याचा, नोकरीचा प्रश्न राहिलेला असते. ते सोबत नसतील तर गेटवरच आंदोलन होते आणि कंपनीवाले ते बातमीत वाचतात.

आणि विमानतळाला नाव कोणाचं द्यायचं, हा विषय कमिटीत काढूच नका. हात जोडून सांगतो.

पाचवं: पाठिंब्याची पत्रं नको, तिकिटांची पत्रं घ्या

व्यापारी संघटना, बार असोसिएशन, डॉक्टरांची संघटना यांच्याकडून "आमचा जाहीर पाठिंबा" असं लेटरहेडवर सहज मिळते. ते फाईलला लावायला ठीक. पण त्यांच्याकडून असं लिहून घ्या की आमच्या संस्थेची माणसं वर्षाला अंदाजे इतक्या वेळा मुंबईला जातात, विमान असल्यास त्यातल्या इतक्या खेपा विमानानं करू. आकडा टाकायची वेळ आली की सही करणारा विचार करते, आणि तोच आकडा कामाचा.

अमेरिकेत यासाठी एक पद्धत आहे, तिथं १९७८ मध्ये विमान कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रण काढलं तेव्हा छोट्या गावांची विमानं बंद पडायची भीती होती म्हणून सरकार तेव्हापासून काही गावांना अनुदान देते, आणि काही गावांतले व्यापारी स्वतः आगाऊ पैसे एका खात्यात जमा करतात, मग वर्षभर त्यातून तिकिटं काढतात, त्याला ते ट्रॅव्हल बँक म्हणतात. आपल्याकडे पैसे जमा करणं म्हटलं की लोकांना पतसंस्था आठवते अन् सगळे दचकतात, म्हणून मी ते सुचवत नाही. पण दहा कारखान्यांनी मिळून कंपनीशी बोलून घाऊक तिकिटांचा दर ठरवून घेणं, हे सहज होण्यासारखं आहे.

उडानचं थोडक्यात सांगतो, कारण यात लय गैरसमज आहेत. ही योजना २०१६ ची, पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली उडालं. विमानातल्या निम्म्या सीट ठरलेल्या कमाल दरात द्यायच्या, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपये असा तो होता, आणि त्यात होणारा तोटा सरकार भरून देते, ८० टक्के केंद्र अन् २० टक्के राज्य. उरलेल्या सीट बाजारभावानं. म्हणून एकाच विमानात शेजारच्याचं तिकीट स्वस्त अन् तुमचं महाग असू शकते, ती लूट नाही, उशिरा बुक केलं एवढंच. तोटा भरणं तीन वर्षं चालते आणि तेवढी वर्षं त्या मार्गावर त्याच कंपनीचा हक्क असते, म्हणून "दुसरी कंपनी काऊन येत नाही" असं ओरडून फायदा नाही. अमरावती-मुंबई १६ एप्रिल २०२५ ला अलायन्स एअरनं सुरू केली. तीन वर्षं म्हणजे एप्रिल २०२८, कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

सहावं: वेळ आणि रस्ता

आपल्या विमानाची खरी स्पर्धा दुसऱ्या विमानाशी नाहीच, ती अमरावती-मुंबई रात्रीच्या रेल्वेशी, अंबा एक्सप्रेसशी आहे. रात्री बसा, सकाळी मुंबईत उतरा, लॉजचा खर्च वाचला. आणि आता नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग, ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटर पूर्ण खुला, धामणगाव-कारंजाकडचा माणूस गाडी काढून सरळ निघते. विमान जर भर दुपारी असेल, तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं कसं? म्हणून फॉर्ममधला वेळेचा प्रश्न महत्त्वाचा. कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारपासून अन् हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून लागते, ते काही आदल्या दिवशी ठरत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर उन्हाळ्यासाठी कापूस वेचणीच्या सुमारास आणि हिवाळ्यासाठी पेरणीच्या सुमारास तुमचे आकडे कंपनीच्या नेटवर्क प्लॅनिंगवाल्यांकडे गेले पाहिजेत. मार्चमध्ये मोर्चा काढून काय होणार.

दुसरं म्हणजे विमानतळावर पोचायचं कसं. बेलोरा यवतमाळ रोडवर, शहराबाहेर. ऑटोवाल्यानं मुंबईच्या तिकिटाच्या चौथाई पैसे मागितले तर माणूस परत येत नाही. आगार व्यवस्थापकांना भेटा, विमानाच्या दिवशी वेळ जुळवून एक एसटी मागा, बडनेरा स्टेशनवरून जाणारी. ऑटो युनियनसोबत बसून ठरलेल्या भाड्याचा बोर्ड लावून घ्या. हे छोटं काम आहे, पण यानं जितका फरक पडते तितका दहा निवेदनांनी पडत नाही.

सातवं: पहिल्यांदा बसणाऱ्याला शिकवा

खेड्यातला माणूस पैशापेक्षा लाजेनं मागं राहते, तिथं आपल्याला काही समजणार नाही, लोकं हसतील. त्याच्यासाठी ग्रामपंचायतीत किंवा कॉलेजात तासाभराचा कार्यक्रम ठेवा. तिकिटावरचं नाव आधारवर आहे तसंच पाहिजे. काउंटर साधारण तासभर आधी बंद होते, म्हणून दोन तास आधी पोचा, एसटीसारखं हात दाखवून थांबत नाही. मोठी बॅग साधारण १५ किलो, हातातली सात. मिरचीच्या लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत चालत नाही, मोठ्या बॅगेत नीट बांधून टाका, आणि सुकं खोबरं मोठ्या बॅगेत चालत नाही कारण ते पेट घेते. खोबऱ्याचं कोणालाच माहीत नसते, पोराकडे निघालेल्या बायांना हे नक्की सांगा.

आठवं: सुरू झाल्यावर रजिस्टर ठेवा

विमान रद्द होणार, हे धरूनच चाला. जिथं उतरायला यंत्राचा आधार नाही तिथं पायलटला डोळ्यानं पाच किलोमीटरपर्यंत दिसलं पाहिजे, डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात अन् पावसाळ्यात ते दिसत नाही. लोकं चिडतात, व्हॉट्सॲपवर "बंद पडलं" असं पसरते आणि त्या अफवेनंच पुढची बुकिंग कमी होते. कमिटीतल्या एकानं रोज लिहायचं: तारीख, आलं की नाही, किती उशीर, कारण काय सांगितलं, अंदाजे किती माणसं उतरली. एएआय दर महिन्याला विमानतळनिहाय प्रवाशांचे आकडे वेबसाइटवर टाकते, ते आपल्या रजिस्टरशी जुळवून पाहा. हवामानामुळं रद्द झालं तर भरपाई नाही, फक्त पैसे परत किंवा दुसरं विमान. पण कंपनीच्या कारणानं ऐनवेळी रद्द केलं आणि दुसरी सोय दिली नाही तर एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी ते मागता येते. तक्रार एअरसेवा या सरकारी पोर्टलवर टाकायची, पीएनआर नंबर टाकून. फेसबुकवर शिव्या देऊन काही होत नाही, मी देऊन पाहिल्या आहेत.

सहा महिने रजिस्टर भरलं की नाइट लँडिंग, उतरायची यंत्रं, वेळ बदल, जे मागायचं ते त्यातल्या आकड्यांवर मागा.

सुरुवातीच्या मीटिंगला सात-आठ जण पुरे, सगळ्या पक्षांचा एक-एक बोलवा म्हणजे श्रेयावरून भांडण आधीच होऊन जाईल. सोबत न्यायचं काय तर जिल्ह्याचा नकाशा, फॉर्मच्या पन्नास झेरॉक्स, आणि एक असा माणूस ज्याला एक्सेल येते. चहा-पोह्याचा खर्च ज्यानं मीटिंग बोलावली त्याचा.